बाबा काय म्हणतात

“तिच्यापुढे त्यांना नावं ठेवायची नाहीत. एकदासुद्धा नाही. कळलं का?”

ताईचा आवाज शेवटी शेवटी फार बारीक झाला होता. पण हे सांगताना तिने माझं मनगट घट्ट धरलं, आणि त्या पकडीत पूर्वीची ताई होती, वेणी घालताना मी हलले की डोक्यात टपली मारणारी. मी हो म्हटलं. मग दम घेऊन ती म्हणाली, “तिला बाबा आहेत. कुठे आहेत ते सोड. आहेत, एवढं तिला वाटत राहू दे.”

भावजी तेव्हा घरात नव्हते. ताईचं दुखणं आता बरं व्हायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं आणि थोड्याच दिवसांत ते लांबच्या कुठल्याशा कामावर निघून गेले. आधी फोन यायचे, मग तेही थांबले. माणूस वाईट नव्हता. आजाऱ्याच्या खोलीत त्यांचा जीव गुदमरायचा. दारापर्यंत यायचे, चौकटीला हात टेकायचे, “औषध आणतो” म्हणून मागे फिरायचे. एकदा असेच फिरले ते फिरलेच.

ताई गेली तेव्हा तिची लेक जेमतेम चालायला लागली होती. बिस्किट दोन्ही हातांत धरून खारूताईसारखं कुरतडायची म्हणून तिला आम्ही खारू म्हणायचो. मला ती मावशी म्हणायला गेली आणि तोंडातून ‘माऊ’ निघालं. तेच राहिलं.

मी एका मोठ्या रुग्णालयाच्या कपड्यांच्या खोलीत काम करते. धुऊन, वाळून आलेल्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे डगले, सगळ्याच्या घड्या घालून मजल्यांप्रमाणे लावून ठेवायचं. खारू शाळा सुटली की तिथेच यायची. अभ्रे तिच्या उंचीचे, म्हणून ते तिच्याकडे. आमच्या मुकादमबाई जिभेने तिखट. साहेबांनासुद्धा दारात चपला काढायला लावतील अशा. पण खारूसाठी त्यांनी खिडकीशी एक ठोकळा ठेवला होता, त्यावर उभं राहिलं की तिचा हात टेबलाला पुरायचा. “घडी वाकडी झाली तर पगार कापीन हं,” असं त्या तिला रोज बजावायच्या, आणि खारू रोज विचारायची, “कुठला पगार?”

बाबांचं सगळं एका वाईट स्वप्नापासून सुरू झालं. खारू रडत उठली, काही केल्या गप्प होईना. मी म्हटलं, “बाबा काय म्हणतात माहीत आहे? उशी उलटी करायची. स्वप्न खाली राहतं आणि चेंगरतं.” तिने उशी उलटी केली, वर डोकं आपटून चांगली दाबली आणि झोपली. सकाळी मी देवापुढे बसले तेव्हा हे आठवलं. सकाळचं नामस्मरण झाल्याशिवाय मी पाणीही घेत नाही आणि खोटं शक्यतो बोलत नाही. त्या दिवशी बराच वेळ डोळे मिटून बसले. पण आतून कुणी रागावलं नाही. ताईने सांगितलं तेच तर मी करत होते.

मग ते वाढतच गेलं. शर्टाची बटणं खालून वर लावायची, म्हणजे एक कधी जास्त उरत नाही, असं बाबा म्हणतात. कडू औषध घेताना छताकडे बघून जोरात ‘भोपळा’ म्हणायचं, असं बाबा म्हणतात. कुणी चिडवलं तर त्याला विचारायचं, “आणखी काही?” बाबा झुरळाला घाबरतात, पण घाबरत घाबरत मारतात. संध्याकाळी अंथरूण घालताना ती दिवसभराचं मला सांगायची आणि शेवटी विचारायची, “यावर बाबा काय म्हणतात?” मी थोडा वेळ गप्प बसायचे आणि सांगायचे.

“तुला कसं कळतं गं?” तिने एकदा विचारलं.

“सांगून ठेवलंय त्यांनी.”

“एवढं सगळं?”

“फार बोलके आहेत तुझे बाबा.”

खरे भावजी दिवसाकाठी मोजून चार वाक्यं बोलायचे. ताई असती तर पोट धरून हसली असती.

खारू तिसरीत गेली त्या वर्षी भावजी परत आले. माझ्याकडे आले नाहीत. आधी कोर्टाचा माणूस आला. त्याने सही घेतली, कागद दिला आणि जाताना दारातल्या खारूला म्हणाला, “काय गं, कितवीत तू?” कागदात लिहिलं होतं की वडील हे मुलीचे नैसर्गिक पालक असून मुलीचा ताबा त्यांना मिळावा. त्यांनी आता दुसरं लग्न केलं होतं, गावाच्या दुसऱ्या टोकाला घर घेतलं होतं, नोकरी कायमची होती.

‘ताबा’ हा शब्द मी तोवर जमिनीसाठीच ऐकला होता.

मुकादमबाईंच्या ओळखीच्या एक वकीलबाई होत्या. भराभर बोलणाऱ्या, पण मनाने चांगल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पेनाचं टोपण टेबलावर आपटलं. “सोपं नाही, पण होईल. आपलं म्हणणं एकच. हा माणूस मुलीला परका आहे. तिला त्यांचा चेहरा माहीत नाही, आवाज माहीत नाही. उपटून एकदम परक्याच्या घरात टाकलं तर मूल कोमेजेल. न्यायाधीश मॅडम स्वतः मुलीशी बोलतात, खोलीत बसवून, एकटीला. मुलगी जे बोलेल त्याला वजन. तिला काय काय माहीत आहे वडिलांबद्दल?”

मी सांगितलं. उशी, बटणं, भोपळा. वकीलबाईंचं पेन थांबलं.

“हे सगळं तुम्ही रचलंत?”

“हो.”

“अहो, काय केलंत हे!” त्या हसल्याही आणि त्यांचे डोळेही भरले. “बरं. तारखेला वेळ आहे. तिला खरं सांगून टाका. पढवायचं नाही हं, मी कधी पढवायला सांगत नाही. जे झालं तेच. बाबा तुझ्या आईच्या आजारपणात निघून गेले, तुझी विचारपूस केली नाही, आणि हे सगळं मी सांगायचे. बस.”

दुसऱ्या दिवशी मुकादमबाईंबरोबर चादरी घडी करताना मी त्यांना हे सांगितलं. चादरीची घडी एकटीने होत नाही. दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, ताणायची, झटकायची, मग चालत समोरासमोर यायचं. मुकादमबाई टोकं ताणून उभ्या राहिल्या त्या पुढे येईचनात.

“सांगितलंस?”

“नाही.”

“मग मी सांगते. कुणाला वचन देऊन बसले नाही मी. दोन मिनिटांचं काम आहे.”

“नको, बाई.”

“का नको? खोटं आहे का ते?”

“खरं आहे. पण बाई, तिला स्वप्न पडलं की ती कुणाच्या सांगण्यावरून उशी उलटी करणार मग?”

मुकादमबाई पुढे आल्या, टोकं माझ्या हातात दिली. “तू ना, अगदी देवाची गाय आहेस,” त्या म्हणाल्या, आणि पुढच्या चादरी त्यांनी इतक्या जोरात झटकल्या की माझी बोटं चरचरली.

रोज संध्याकाळी मी ठरवायचे, आज सांगू. अंथरूण घातलं जायचं. खारू उताणी पडून मुठी छातीवर ठेवायची आणि विचारायची, “कोर्टात घाबरायचं का? बाबा काय म्हणतात?” आणि मी म्हणायचे, “बाबा म्हणतात, समोरच्याच्या कपाळाकडे बघायचं. मग भीती वाटत नाही.”

तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात बाकांवर माणसं दाटीने बसली होती. शिपाई दारात येऊन नावं पुकारायचा. एक नवरा-बायको एकाच डब्यातलं खात भांडत होते, दावा घटस्फोटाचा होता म्हणे. भावजी समोरच्या भिंतीशी उभे होते, शेजारी त्यांची नवी बायको. केस पातळ झाले होते. खारू माझ्या पदराआडून त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

“तेच का?” ती कुजबुजली.

“तेच.”

“उंच आहेत गं!” ती खूश झाली. भावजींनी हात वर केला, अर्धाच, आणि खाली घेतला.

शिपाई खारूला आत घेऊन गेला. दार बंद झालं. मी नाम घेत बसले, पण मध्येच चुकत होते आणि पुन्हा पहिल्यापासून घेत होते. बऱ्याच वेळाने खारू बाहेर आली, हातात एक चॉकलेट, आणि मला बोलावणं आलं.

न्यायाधीश मॅडम माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी चष्मा काढून ठेवला होता आणि मला खुर्ची दाखवली.

“मुलगी हुशार आहे. छान वाढवलंत,” त्या म्हणाल्या. “मी तिला विचारलं, कुणाकडे राहायला आवडेल? म्हणाली, बाबांकडे. मी म्हटलं, मावशीची आठवण नाही का येणार? तर माझ्याकडेच बघत राहिली. म्हणाली, ‘माऊ येणारच ना बरोबर. ती नसली तर बाबा काय म्हणतात ते कळणार कसं?’ मला याचा अर्थ सांगाल?”

तिथे खारू नव्हती. खरं बोलायला मला कुणाची आडकाठी नव्हती. मी सगळं सांगितलं. ताई, भावजी, न आलेले फोन, पहिलं स्वप्न. मॅडमनी मधे एकदाही अडवलं नाही. 

“म्हणजे त्या माणसाने यातलं काहीच केलेलं नाही.”

“नाही.”

“त्यांच्याकडे ती गेली तर तिला काही धोका आहे असं तुम्हाला वाटतं? मारणं, व्यसन, काही?”

नाही, असंच खरं होतं. मी तेच म्हटलं.

“त्यांच्या पत्नीबद्दल?”

“आत्ता बाहेर भेटले मी. साधी आहे. खारूची चप्पल सैल होती, तिने वाकून पट्टा लावला.”

मॅडमनी चष्मा हातात घेतला, पुसला, पण लावला नाही. “मला एकच बघायचं असतं, मुलीचं हित. तुमच्या वकिलांचं म्हणणं, वडील तिला परके आहेत. पण तुम्ही त्यांना परकं राहूच दिलं नाहीत. या टेबलापुढे मुलं येतात ती आई नाहीतर बापाबद्दल एकेक शब्द घोकून आलेली असतात. हिच्या तोंडात एकही वाईट शब्द नव्हता. तुम्ही हे केलं नसतं तर…” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

मी पुरं करू शकले असते. पण उठून नमस्कार केला आणि बाहेर आले.

निकाल पुढच्या तारखेला झाला. ताबा वडिलांकडे. मावशीला एकाआड एक रविवारी भेटीची मुभा. वकीलबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, “हे कायमचं नसतं हं. मूल तिथे रुळलं नाही, खाईना, झोपेना, तर पुन्हा अर्ज करता येतो. तसं झालं तर कोर्ट ऐकतं. माझ्याकडे या.”

खारूची पिशवी भरायला फार वेळ लागला नाही. तिने स्वतःच घड्या घातल्या, कडा जुळवून, अभ्र्यांसारख्या. मग माझे दोन कपडे काढून तिच्या कपड्यांवर ठेवले.

“हे कशाला गं?”

“तुझे. तुला लागतील ना तिकडे.”

मी ते काढून परत कपाटात ठेवले. तिला सांगितलं की मी रविवारी येईन. ती म्हणाली, “बरं, मग मी बाबांनाच विचारीन. ते तर तिथेच असणार.” आणि गेली. भावजींनी पिशवी उचलली, खारूने त्यांचं बोट धरलं. वळणापर्यंत ती त्यांच्याशी बोलत होती. ते मान हलवत होते.

त्यानंतर घरात मी एकटीच, तरी दोन ताटं घ्यायचे. एक परत ठेवायचे. देवापुढे बसले की काही मागू नये असं मला लहानपणापासून शिकवलेलं. मी मागितलं नाही. नुसती बसायचे.

पहिल्या रविवारी खारू उत्साहात होती. घर दाखवलं, झाडांच्या कुंड्या दाखवल्या, नव्या आईने तिच्यासाठी शिवलेला फ्रॉक दाखवला. दुसऱ्या भेटीला ती गप्प होती. हनुवटी निमुळती झाली होती. मी निघाले तेव्हा दारापर्यंत आली, माझा पदर धरला आणि खाली वाकायला लावून कानात म्हणाली, “माऊ, यांना उशीचं माहीत नाही.”

“विसरले असतील.”

“भोपळ्याचंपण माहीत नाही. मी म्हटलं, ‘भोपळा!’ तर म्हणाले, भाजी करायची का?”

मी हसले. ती हसली नाही.

त्याच आठवड्यात दुपारी भावजी कपड्यांच्या खोलीच्या दारात उभे राहिले. आत आले नाहीत. चौकटीला हात टेकला. मुकादमबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. “चपला काढा,” एवढंच म्हणाल्या आणि मुद्दाम तिथेच अभ्रे मोजत बसल्या.

“तिला झोप लागत नाही,” भावजी म्हणाले. “जेवतही नाही धड. रात्री उठून बसते. मी जवळ गेलो तर विचारते, तुम्ही तेच बाबा ना? काय सांगू? हो म्हणालो. मग म्हणते, झुरळ कसं मारता दाखवा.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “मी झुरळाला घाबरत नाही. घाबरायचं होतं का?”

मी हातातली चादर टेबलावर ठेवली.

“वकिलाने मला निकालपत्र वाचून दाखवलं, तुम्ही मॅडमपुढे बोललात ते सगळं त्यात होतं. माझ्याबद्दल तुम्ही इतकं… मी त्या लायकीचा नव्हतो. तुम्हाला माहीत आहे, तिच्या आईच्या खोलीत मी…”  मग कितीतरी वर्षांनी त्यांनी मला पूर्वीसारखं अगं-तुगं केलं. “तू मला शिकवशील का गं? तिचा तो बाबा. कसा बोलतो, काय करतो. तिला कळता कामा नये. कळलं तर तिचे दोन्ही बाबा जातील, तोही आणि मीही.”

मुकादमबाईंच्या हातातले अभ्रे थांबले होते.

मी भावजींच्या हाताकडे बघत होते. चौकटीवर होता तो. या वेळी ते परत वळले नव्हते.

“उद्या ती शाळेत गेली की येते मी,” मी म्हटलं. “वचन.”

ते गेल्यावर मुकादमबाई उठल्या, दार लोटलं आणि माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. “डोकं ठिकाणावर आहे का तुझं? वकीलबाई काय म्हणाली ते मला सांगितलंयस तू. रुळली नाही तर पुन्हा अर्ज. हा माणूस आपोआप हरतोय! तू नुसती गप्प बस. जायचं नाही. थोडी कळ काढ, पोरगी परत येईल तुझ्याकडे.”

“हो, बाई. येईल.”

“मग?”

“तोवर ती झोपणार नाही.”

“पोरं होतात मोठी न झोपता!” त्या ओरडल्या. मग त्यांना स्वतःलाच ते ऐकवेना. खाली बसल्या, पदराने तोंड पुसलं. “आणि तू त्याला सगळं शिकवलंस, तर तुझ्याकडे काय उरणार? तिला वाटणार, हे सगळं त्याचंच.”

“तसंच तर मी सांगत आले.”

त्यांनी पुढची चादर उचलली, दोन टोकं माझ्याकडे भिरकावली. आम्ही संध्याकाळपर्यंत घड्या घातल्या. सुटताना त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, “उद्या उशिरा आलीस तरी चालेल. साहेबांना मी बघते.”

रात्री मी भावजींना काय काय सांगायचं ते मनात आणून बघितलं. गप्प बसायचं आधी, ते सर्वांत महत्त्वाचं. तिने विचारलं की लगेच उत्तर द्यायचं नाही. तिला बघू द्यायचं की आपण विचार करतोय. मग हळू बोलायचं. शेवटी तिच्या भुवईवरून अंगठा फिरवायचा, डाव्या. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, मलाच माहीत नव्हतं की मी असं करते. अंधारात माझा अंगठा आपोआप हलला तेव्हा कळलं.

सकाळी देवापुढे बसले. उठून पाणी प्याले, भांडी पुसली, केस बांधले. शाळा भरली असेल एवढा वेळ जाऊ दिला. वाटेत ती दिसू नये, तिने मला बघू नये, म्हणून शाळेकडचा रस्ता सोडला आणि मागच्या गल्लीने त्यांच्या घराकडे चालू लागले.